दोनाचे तीन

बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी २६ वर्षांची होते. पाण्यातून वर आल्यावर नाकात गेलेलं पाणी आणि कानात अर्धवट घुमणारं गाणं एवढंच आधी आठवतं. मनात मात्र पुढे कित्येक दिवस एकच गोष्ट होती: मागचं सगळं धुतलं गेलं, पाटी कोरी झाली. त्या कोऱ्या पाटीवर पुढे मीच काही लिहीन आणि ते पुसायला जागा उरली आहे की नाही या भीतीने रात्र रात्र जागी राहीन, हे तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

सहा वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. मी तिच्याजवळ राहत होते. दादा नोकरीसाठी लांब होता आणि औषधपाण्यासाठी दर महिन्याला पैसे पाठवायचा. हिशेबाची वही माझ्याकडे होती. माझ्या डोक्यावर तेव्हा एक कर्ज होतं, घरात कुणालाच न सांगितलेलं. एका रात्री वही उघडून बसले होते. औषधांच्या रकमेतला पहिला आकडा २ होता. पेनाचं टोक त्याच्या शेपटाला टेकवलं, खाली एक वळण दिलं, ३ झाला. पेन दुसरं असल्यामुळे तेवढंच वळण जरा गडद दिसत होतं. पुढचे सात महिने खाडाखोडीची गरजच पडली नाही, कारण मी आकडे आधीच वाढवून लिहीत होते.

दादा ख्रिस्ती नाही. मी बाप्तिस्मा घेणार असं सांगितलं तेव्हा तो चिडला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "तुला समाधान मिळत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तू खोटं बोलत नाहीस हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यासाठी पाण्यात उतरायची गरज नव्हती." वही मिटताना दर महिन्याला हे वाक्य आठवायचं आणि मी ते बाजूला सारायची.

प्रार्थना आटत गेली. सुटली नाही, आटली. शब्द तेच होते, पण समोर कुणी ऐकतंय असं वाटेनासं झालं. मग एका संध्याकाळी घरगुती उपासनेत बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय वाचायला घेतला होता. एकेक जण दोन-दोन वचनं वाचत होता आणि माझ्या वाट्याला सव्विसावं आणि सत्ताविसावं आलं. सत्याचं ज्ञान मिळाल्यावरही जे जाणूनबुजून पाप करत राहतात, त्यांच्या पापांसाठी आणखी यज्ञ उरत नाही, उरते ती न्यायाची धास्ती. हे मी सगळ्यांसमोर, स्वतःच्या आवाजात वाचलं. आवाज कापला नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

त्या रात्रीपासून भीतीला तोंड फुटलं. मी त्याच पत्राचा सहावा अध्याय काढला: ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि जे मग पतन पावले, त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य. 'अशक्य' हा शब्द मी बोटाने झाकून पुढचं वाचायचा प्रयत्न केला होता, हे खरं सांगते. मग बाराव्या अध्यायातला एसाव, एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकलेला, अश्रू गाळूनही ज्याला संधी मिळाली नाही. मग मत्तयाच्या बाराव्या अध्यायातलं, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची क्षमा नाही, हे वचन. बायबलमध्ये मला तेव्हा फक्त दारं बंद होण्याचेच आवाज ऐकू येत होते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीला माझी घालमेल दिसली. कारण मी सांगितलं नाही, फक्त एवढंच विचारलं की विश्वासात आल्यावर पाप घडलं तर तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, जातं का. तिने प्रेमाने माझा हात धरला आणि योहानाचा दहावा अध्याय काढून दिला. 'त्यांना माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही' असं मेंढपाळ म्हणतो तो भाग. मग रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, जिथे मरण, जीवन, वर्तमान, भविष्य यांपैकी काहीही देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही. ती म्हणाली, "एकदा तारलेला माणूस कायमचा तारलेला. हा सगळा सैतानाचा आरोप आहे, मनावर घेऊ नकोस."

ती खोटं काही सांगत नव्हती. ती वचनं आजही माझ्या पायाखालची जमीन आहेत. पण मला त्यांनी काय दिलं ते सांगते: तीन आठवडे शांत झोप, आणि चौथ्या आठवड्यात शांत हाताने लिहिलेली आणखी एक खोटी नोंद. पेन अडखळलंही नाही. पान वाळल्यावर माझ्या ध्यानात आलं की देवाच्या हातात सुरक्षित असल्याची खात्री मी वहीवर झाकणासारखी ठेवली होती. भीतीने मला दादापासून लपायला लावलं होतं, आता दिलासाही तेच करत होता.

मग मी मंडळीच्या धर्मगुरूंकडे, आमच्या पाळकांकडे गेले. त्यांनाही पोटातलं सांगितलं नाही, प्रश्नच विचारला. ते म्हणाले, "ताई, या प्रश्नाने मंडळी एकदा दुभंगली आहे. आधी ते वाचा, मग बोलू." त्यांनी वाचायला दिलेल्या कागदांमुळे पुढचे दोन महिने मी दुसऱ्याच काळात राहिले.

इसवी सन २५०. रोमी सम्राट डेसियसने फर्मान काढलं की प्रत्येकाने देवतांपुढे यज्ञ करावा आणि तो केल्याचा दाखला घ्यावा. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी यज्ञ केला. काहींनी तो केला नाही, पण लाच देऊन तसा दाखला मिळवला. इजिप्तमध्ये पपायरसवरचे त्या काळचे काही दाखले सापडलेही आहेत. यज्ञाला हात न लावता कागदावर फक्त खोटी नोंद करून घेणारी ही माणसं वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. सतराशे वर्षांपूर्वीही कुणी तरी असाच एक कागद घडी करून ठेवला होता आणि रात्री आपण आता कोण, ख्रिस्ताचे की नाही, असं स्वतःला विचारलं होतं.

छळ ओसरल्यावर ही पतन पावलेली माणसं मंडळीच्या दाराशी परत आली. रोममधला नोव्हाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना पुन्हा आत घेण्याचा अधिकार मंडळीला नाही. देव काय करायचं ते करील. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतर बिशपांनी २५१ साली वेगळी वाट धरली: पश्चात्ताप खरा असेल तर वेळ घ्या, पारखा, पण परत घ्या. नोव्हाशियनची मंडळी वेगळी झाली आणि पुढे काही शतकं टिकली. सिप्रियन स्वतः २५८ साली विश्वासासाठी मारला गेला, त्यामुळे त्याला कुणी मवाळ म्हणू शकणार नाही.

परत घेणं म्हणजे स्वस्तात सोडून देणंही नव्हतं. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, पुढच्या एका छळात काहीही जबरदस्ती नसताना ज्यांनी विश्वास नाकारला, त्यांच्यासाठी जो नियम केला त्यात एकूण १२ वर्षं आहेत: तीन वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत, सात वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत सगळ्यांबरोबर पण प्रभुभोजनाविना, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात त्या भाकर-द्राक्षारसाविना. हे आकडे पाहून मला आश्चर्य वाटलं ते माझ्या मनाचं. एवढी कडक शिक्षा वाचून मला हलकं वाटलं होतं. १२ वर्षं का होईना, शेवटी दार होतं.

त्याही आधी, दुसऱ्या शतकात, बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची फक्त एकच संधी आहे अशी शिकवण रोममध्ये मांडली गेली होती. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्या दुसऱ्या पश्चात्तापाला जहाज फुटल्यावर हाती लागलेली फळी म्हटलं. अशी भीती लोकांच्या मनात इतकी बसली की पुष्कळांनी बाप्तिस्माच पुढे ढकलला. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ साली मरणशय्येवर घेतला. मला ते लोक मूर्ख वाटले नाहीत. मी त्या काळात असते तर कदाचित तेच केलं असतं.

नंतरच्या शतकांत उत्तरं वेगवेगळी झाली, आणि ती आजही वेगवेगळी आहेत. कॅथलिक शिकवणीप्रमाणे गंभीर पाप माणसातली तारणदायी कृपा नाहीशी करतं. त्यासाठी विषय गंभीर हवा, ते गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची संमती हवी. ती कृपा पापनिवेदनाने, प्रायश्चित्ताच्या संस्कारातून परत मिळते. ट्रेंट इथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १५४७ साली हे ठामपणे मांडलं. त्या तीन कसोट्या मी माझ्या वहीला लावून पाहिल्या. तिन्ही लागू पडल्या. मी त्या मंडळीची नाही, पण पापाला इतकं नेमकं बघणारं हे वळण मला मनापासून पटलं. 'माझ्या हातून चुकलं' या गुळगुळीत वाक्यात जे लपत होतं, ते तिथे लपायला जागा नव्हती.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या अनुयायांनी १५३० सालच्या आउग्सबुर्गच्या कबुलीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या लेखी निवेदनात, एकाच कलमात दोन्ही टोकांना नकार दिला आहे: एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्म्याला गमावूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनाही, आणि पश्चात्ताप करून परत आलेल्याला क्षमा नाकारणाऱ्या नोव्हाशियनवाद्यांनाही. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत, १६१८-१९ साली, कॅल्विनच्या परंपरेतल्या सुधारित मंडळ्यांनी ठरवलं की ज्यांना देवाने निवडलं ते शेवटपर्यंत टिकतात, कारण तो त्यांना टिकवतो. पण त्याच ठरावांत हेही आहे की असे लोक भयंकर पापांत पडू शकतात, देवाला खूप दुखवू शकतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावून बसतात. 'कायमचा तारलेला' म्हणणाऱ्या माझ्या त्या बहिणीने मला ही दुसरी बाजू सांगितली नव्हती, बहुधा तिलाही कुणी सांगितली नसावी. आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचे लोक म्हणतात की खरा विश्वासीही पूर्ण तुटू शकतो, पण तुटलेला परतही येऊ शकतो.

दोन महिन्यांनी मी एवढं सगळं घेऊन पाळकांसमोर बसले आणि विचारलं, "मग यांतलं बरोबर कोणतं?"

त्यांनी स्वतःचं मत सांगितलं, ते डॉर्टच्या बाजूचं होतं. मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, समजा उत्तर आलं की तारण जातं. मग उद्या सकाळी तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "परत वळेन. कबूल करेन."

"आणि उत्तर आलं की जात नाही. मग?"

मी गप्प बसले. कारण दोन्हीकडे दादाचाच चेहरा होता. नोव्हाशियन, सिप्रियन, ट्रेंट, डॉर्ट, सगळ्यांच्या आडून मी आठ महिने जी गोष्ट टाळत होते ती एवढीशीच होती: वही उचलायची आणि भावासमोर ठेवायची. मी रडायला लागले आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही बोलून तोडलं नाही.

शेवटी त्यांनी योहानाचं पहिलं पत्र काढलं. 'आपण जर आपली पापे पदरी घेतली' तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. हे वचन मला पाठ होतं, पण 'पदरी घेतली' हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ग्रीकमधला शब्द 'तेच म्हणणे' अशा अर्थाचा आहे, देव ज्याला पाप म्हणतो त्यालाच आपणही पाप म्हणणे. पण मला मराठी शब्दच जास्त भिडतात. कबूल तोंडाने करता येतं. पदरी घ्यायचं तर पदर पसरावा लागतो, ते वजन अंगावर घ्यावं लागतं, हे माझंच आहे असं म्हणावं लागतं. आणि पुढच्याच अध्यायात, कोणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला एक कैवारी आहे. हे पत्र विश्वासात आलेल्यांनाच लिहिलेलं आहे. त्यांच्याकडून पाप घडेल हे लिहिणाऱ्याने धरूनच चाललं होतं.

त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जो देवापासून जन्मला तो पाप करत नाही, असंही आहे, आणि त्याने मी पुन्हा धास्तावले. पाळकांनी सांगितलं की तिथलं क्रियापद चालू राहणाऱ्या क्रियेचं आहे: तो पापात मुरत नाही, रमत नाही. मी विचार केला, मला ते सात महिने सुखाचे गेले होते का? गेले नव्हते. ती तळमळ मी देवाने सोडून दिल्याची खूण समजत होते. सोडून दिलेल्याला तळमळ कशाला होईल?

येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट मी तेव्हा नव्याने वाचली. महायाजकाच्या वाड्यात थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता आणि त्याच्याजवळ शेकत उभा राहून पेत्राने प्रभूला नाकारलं. कोळशांच्या विस्तवासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो, तो नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा इथे. दुसऱ्यांदा योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात, समुद्रकाठी, पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांसाठी विस्तव पेटवून बसलेला असतो तेव्हा. पेत्राच्या नाकात तो धूर गेला असेल. तिथे येशू त्याला तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' आणि तीनदा काम देतो: माझी मेंढरे चार, पाळ. येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, त्याने तर पैसेही परत केले होते. पण तो विस्तवापर्यंत आला नाही.

त्या काळात मी प्रभुभोजन घेत नव्हते. स्वतःची परीक्षा करून मगच भाकर खावी असं करिंथकरांस पत्रात आहे ना. पाळक म्हणाले, "परीक्षा करून खावी असं आहे, परीक्षा करून उठून जावं असं नाही." तरी मी थांबले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं सांगितलं आहे. माझ्या भावाच्या मनात तर काहीच नव्हतं, आणि तेच मला जास्त जाचत होतं.

पुढच्या महिन्यात दादा आला. आई झोपल्यावर मी वही त्याच्यापुढे ठेवली. शेवटी एक वेगळं पान जोडलं होतं, प्रत्येक महिन्याची खरी रक्कम, खोटी रक्कम आणि फरक. त्याने पान वाचलं. मग मागे जाऊन तो पहिला ३ शोधला आणि त्या गडद वळणावर अंगठा फिरवला, जणू पुसलं जातंय का ते बघत होता.

"कर्ज होतं तर मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"मी दिले असते."

"माहीत होतं, दादा. म्हणूनच मागता आले नाहीत."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती ते विचारलं. "आणि तुझ्या देवाचं काय? तो असंच करायला सांगतो?"

मी म्हटलं, "तो हे तुला सांगायला सांगतो." याहून चांगलं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

तो सकाळी निघून गेला. पुढचे दोन महिने फोन फक्त आईला यायचा. मी दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात भरत होते. माझ्या मंडळीत मी यावर साक्ष दिली नाही, कारण ती दादाचीही गोष्ट आहे आणि त्याला विचारल्याशिवाय ती चारचौघांत सांगणं मला योग्य वाटलं नाही. इथेही म्हणूनच कुणाचं नाव नाही आणि हे छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवलं आहे.

तारण गेलं होतं का, असं मला आता कुणी विचारलं तर मी म्हणते, नाही, मी देवाच्या हातात होते. इब्री लोकांस पत्रातले ते कडक इशारे मी आता बोटाने झाकत नाही. सहाव्या अध्यायातल्या त्या 'अशक्य' नंतर अवघ्या तीन वचनांवर लेखक म्हणतो की प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. कड्यावर लावलेली पाटी माणसाला ढकलायला नसते. देव ज्यांना धरून ठेवतो त्यांना अशाच इशाऱ्यांनी धरून ठेवतो, असं मला वाटतं. माझ्या बाबतीत तरी त्याने सव्विसावं वचन माझ्याच तोंडून वाचून घेतलं. पण जे म्हणतात की कृपा गमावता येते आणि परत मिळते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांच्या कसोट्यांनीच मला माझ्या पापाचं नाव घ्यायला शिकवलं.

प्रभुभोजन मी दादा येऊन गेल्यानंतरच्या रविवारी घेतलं. तो अजून बोलत नव्हता. भाकर हातात घेतली तेव्हा हात थरथरत होता आणि मी तो थरथरू दिला.

तिसऱ्या महिन्यात आईच्या औषधांचे पैसे आले तेव्हा त्याचा मला फोन आला. मला वाटलं, आता हिशेब दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगेल, आणि ते रास्तच होतं. मी वही काढूनच बसले होते.

तो म्हणाला, "नवी वही आण. आणि हिशेब तूच ठेव."